१९ वेळा ‘समजलं का?’

३ जुलैला मी आठवीच्या वर्गात माझाच तास रेकॉर्ड केला. मोबाइल टेबलावर, डस्टरच्या मागे. मुलांना आधीच सांगितलं होतं, की हे फक्त माझ्यासाठी आहे, तुमचे आवाज कुठेही जाणार नाहीत, ऐकून झालं की पुसून टाकणार. संध्याकाळी वही-पेन घेऊन ऐकायला बसले. ३५ मिनिटांत मी ३३ प्रश्न विचारले होते. आकडा बघून आधी बरं वाटलं. मग प्रश्नांची वर्गवारी केली. त्यातले १९ ‘समजलं का?’ होते, आणि १९ही वेळा वर्गाने एका सुरात ‘होऽऽ’ म्हटलं होतं. उरलेल्या १४ पैकी ९ प्रश्नांची उत्तरं मीच देऊन टाकली होती. मुलांकडून अख्ख्या तासात एकच प्रश्न आला होता: “बाई, हे लिहून घ्यायचं का?”

१७ वर्षं विज्ञान शिकवतेय. ‘हल्लीच्या मुलांचं लक्षच नसतं, मोबाइलने वाटोळं केलं’ हे स्टाफरूममध्ये मीही कितीदा तरी म्हटलंय. पण ते रेकॉर्डिंग ऐकताना खरं सांगायचं तर मलाच दोनदा जांभई आली. त्या बाकावर मी असते तर मीही खिडकीबाहेर बघत बसले असते.

त्यानंतरच्या आठ महिन्यांत जे केलं आणि जे फसलं ते इथे मांडतेय. माझा वर्ग ४६ मुलांचा आहे, आठवड्याला विज्ञानाचे पाच तास, आणि अभ्यासक्रम वेळेत संपवायचा धाक तुम्हाला आहे तसाच मलाही आहे.

पहिली उडी अर्थातच मोबाइलवर. मुलांना स्क्रीन आवडते, मग शिकवणंही स्क्रीनवर आणू, इतका साधा हिशेब. प्रश्नमंजूषेचं एक ॲप निवडलं: पडद्यावर प्रश्न, मुलांच्या हातात चार रंगांची बटणं, जो लवकर बरोबर दाबेल त्याला जास्त गुण. ८ जुलैला मोठ्या बाईंकडे अर्ज दिला. शाळेत मोबाइल आणायला बंदी, त्यामुळे अर्ज शाळा समितीपुढे जायला हवा होता. समितीची बैठक महिन्यातून एकदा. त्याआधी पालकांची संमतिपत्रं गोळा करा, असं सांगण्यात आलं. ४६ पत्रं घरी पाठवली, दहा दिवसांत सही होऊन ३१ परत आली. मग पत्रात ‘मोबाइल तासानंतर कोणाच्या ताब्यात राहील’ हे लिहिलेलं नाही म्हणून सुधारित पत्र मागितलं गेलं. परवानगी हातात पडली ३ ऑगस्टला, म्हणजे २६ दिवसांनी. (तुम्ही अर्ज करणार असाल तर त्यात तीन गोष्टी पहिल्याच फटक्यात लिहून टाका: मोबाइल कुठे ठेवणार, ज्याच्याकडे नाही त्याचं काय, आणि हरवला तर जबाबदारी कोणाची. माझे निम्मे दिवस याच तीन प्रश्नांत गेले.)

ऑगस्टचे तीन शुक्रवार हा प्रयोग चालला. पहिल्या शुक्रवारी जो गलका झाला त्याने मी हुरळून गेले. शेवटच्या बाकावरची मुलंसुद्धा उभी राहून ओरडत होती. दुसऱ्या शुक्रवारी इंटरनेट रुसलं आणि १२ मिनिटं जोडाजोडीत गेली. तिसऱ्या शुक्रवारी एका मुलाच्या मागे जाऊन उभी राहिले, तर तो प्रश्न वाचतच नव्हता. प्रश्न पडद्यावर यायच्या आत त्याचा अंगठा लाल बटणावर. “बाई, लाल बऱ्याचदा बरोबर असतं, आणि लवकर दाबलं की जास्त गुण.” त्याच्या जागी मी काय केलं असतं? तेच.

आठवड्याने त्याच दहा प्रश्नांची कागदावर चाचणी घेतली. स्क्रीनवर सरासरी सातच्या पुढे होती, कागदावर चारच्या आसपास. मुलांना मजा आली होती यात वाद नाही. पण त्यांचं डोकं माझ्या विषयात गुंतलंच नव्हतं, ते गुणांच्या पाटीत गुंतलं होतं. शेजारच्या वर्गातले सर म्हणाले, “जत्रा छान झाली.” त्या दिवशी राग आला. आता येत नाही.

परवानगीसाठी एवढे हेलपाटे घातल्यावर प्रयोग बंद करायला लाजही वाटत होती. मोठ्या बाईंना काय सांगायचं? शेवटी जे झालं तेच सांगितलं आणि चाचणीचे आकडे दाखवले. त्यांनी चष्मा काढून आकडे दोनदा बघितले आणि म्हणाल्या, “म्हणजे मोबाइल परत बंद ना? बरं झालं.”

मग थोडं वाचायला घेतलं. हार्वर्ड विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकवणारे एरिक मझूर यांची गोष्ट तेव्हा वाचली आणि कुणीतरी माझाच तास बघून लिहिलाय असं वाटलं. त्यांची व्याख्यानं मुलांना आवडायची, परीक्षेत आकडेमोडही जमायची. १९९०च्या सुमाराला त्यांनी बलाच्या अगदी साध्या संकल्पनांवरची चाचणी दिली, तेव्हा एका मुलीने विचारलं, की याची उत्तरं तुम्ही शिकवलंत तशी लिहू की मला जसं वाटतं तशी? चाचणीत मुलं गडबडली. पुढे वर्गात एक मुद्दा दोन-तीनदा समजावूनही मुलांच्या डोक्यात शिरेना, तेव्हा वैतागून त्यांनी सांगितलं की शेजाऱ्याशी बोला. वर्गात गलका झाला, आणि थोड्या वेळात मुलांनी एकमेकांना समजावून टाकलं. त्यातून त्यांची पद्धत घडली: आधी प्रश्न, प्रत्येकाने एकट्याने उत्तर ठरवायचं, मत द्यायचं, मग शेजाऱ्याला पटवायचं, मग पुन्हा मत. पहिल्या मतदानात साधारण ३० ते ७० टक्के उत्तरं बरोबर आली तर चर्चेला अर्थ. त्याखाली गेली तर मुलांकडे चर्चा करायला पुरेसं काही नसतं, त्यावर गेली तर चर्चेची गरजच नसते.

यासाठी मोबाइल लागत नाही. जाड कागदाची ५० पानं आणि चार स्केचपेन, एवढाच काय तो खर्च. एक पान दोनदा घडी घातलं की चार चौकोन होतात, प्रत्येकावर अ, ब, क, ड. पान घडीवर दुमडून हवं ते अक्षर समोर धरायचं. एका रविवारी चार तासांत सगळी पानं तयार झाली. पहिल्याच दिवशी एक चूक लक्षात आली: मुलं पान डोक्यावर धरत होती, त्यामुळे मागचे सगळे पुढच्यांचं बघून आपलं पान फिरवत होते. दुसऱ्या दिवसापासून नियम केला, पान छातीशी आणि मी ‘तीन’ म्हटल्यावर सगळ्यांचं एकदम. हा नियम नसेल तर बाकीचं सगळं व्यर्थ.

खरी मेहनत प्रश्न काढण्यात आहे. माझा पहिला प्रश्न इतका सोपा होता की ४४ मुलांनी बरोबर पान दाखवलं आणि पुढे बोलायला काही उरलं नाही. दुसरा मीच दोनदा वाचल्यावर मला कळला. एक चांगला प्रश्न काढायला पाऊण तास लागतो, आणि चुकीचे पर्याय पुस्तकात मिळत नाहीत. ते मुलांच्या जुन्या उत्तरपत्रिकांत मिळतात. तेव्हापासून उत्तरपत्रिका तपासताना लाल पेनाशेजारी एक चिटोरं ठेवते. मासलेवाईक चूक दिसली की तिथे उतरवून घेते. तपासण्याचा कंटाळा निम्मा झाला, हा त्यातला अनपेक्षित फायदा.

तिसरा प्रश्न सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यातला. तो जरा सविस्तर सांगते.

प्रकाशसंश्लेषण शिकवून झालं होतं. घटक चाचणीत ४६ पैकी ४० मुलांनी समीकरण बिनचूक लिहिलं होतं: कार्बन डायऑक्साइड अधिक पाणी, त्यातून ग्लुकोज आणि ऑक्सिजन. फळ्यावर लिहिलं: बोटाच्या पेरावर मावेल एवढ्या बीचं हजार किलोचं झाड झालं. त्यातलं पाणी वाळवून टाकलं, तर उरलेल्या लाकडाचं वजन मुख्यतः आलं कुठून? अ) माती ब) पाणी क) हवा ड) सूर्यप्रकाश.

तीन म्हटलं. माती २७, पाणी ९, हवा ४, सूर्यप्रकाश ६.

समीकरण पाठ असलेल्या ४० जणांपैकी बहुतेकांना झाड माती खाऊन वाढतं असं वाटत होतं. आणि मी १७ वर्षं ते समीकरण फळ्यावर लिहून ‘समजलं का?’ विचारत आले होते. पोटात कसंतरी झालं.

चारच बरोबर म्हणजे चर्चेच्या मर्यादेच्या कितीतरी खाली. म्हणून आधी व्हान हेल्माँट या शास्त्रज्ञाचा प्रयोग सांगितला. १७व्या शतकात या गृहस्थांनी कोरडी माती तोलून, सुमारे ९० किलो, एका कुंडीत भरली. त्यात विलोचं सव्वादोन किलोचं रोप लावलं आणि पाच वर्षं त्याला फक्त पाणी घातलं. झाड झालं ७७ किलोच्या आसपास. माती पुन्हा वाळवून तोलली, तर कमी झाली होती जेमतेम साठेक ग्रॅम. इथे थांबले. त्यांनी स्वतः काढलेला निष्कर्ष मुद्दामच सांगितला नाही. दुसरं मतदान: माती ३, पाणी ३०, हवा ११, सूर्यप्रकाश २. वर्ग बरोबर हेल्माँटच्याच वाटेने गेला. झाड पाण्यापासूनच बनलं, असंच त्यांनाही वाटलं होतं.

“आता शेजाऱ्याला पटवा. तीन मिनिटं.” आणि मी बाकांमधून फिरत राहिले. एका कोपऱ्यात ‘हवेला कुठे वजन असतं’ यावर जुंपली होती. दुसऱ्या रांगेत एक मुलगी आहे, हजेरीला ‘उपस्थित’ म्हणते तेवढाच तिचा आवाज मला माहीत. ती शेजारणीला सांगत होती, “पाणीच असेल तर वाळल्यावर काहीच उरायला नको ना. बाई म्हणाल्या पाणी वाळवून टाकलंय.” शेजारीण म्हणाली, “पण मग लाकूड जाळल्यावर एवढं सगळं जातं कुठे? राख तर चिमूटभर उरते.” “धुरात. हवेत.” जरा थांबून, “मग आलं पण तिथूनच असेल.”

विसरायला होईल म्हणून ते शब्द हातातल्या खडूने टेबलावरच लिहून ठेवले. तिसरं मतदान: हवा २९, पाणी १६, माती १. मग मी कार्बन डायऑक्साइडमधला कार्बन आणि ऑक्सिजन, पाण्यातला हायड्रोजन, मातीतले नाममात्र क्षार असं सगळं सांगितलं. सांगायला चार मिनिटं लागली. पण ती चार मिनिटं ऐकायला वर्ग टपलेला होता, कारण प्रत्येकाचं काहीतरी पणाला लागलं होतं. शिकवणं बंद करायचं नसतं, त्याची जागा बदलायची असते, हे मला तेव्हा कळलं.

आता गलक्याविषयी. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात शेजारच्या वर्गाने तोंडी तक्रार केली आणि पर्यवेक्षक न सांगता तास बघायला आले. नेमकी चर्चेची तीन मिनिटं चालू होती. शेऱ्यात लिहून आलं: ‘वर्गनियंत्रणाकडे लक्ष द्यावे.’ शिवाय मासिक नियोजनाच्या मानाने मी दोन पाठ मागे होते, त्याचा लेखी खुलासा मागितला. खुलासा लिहिताना रडकुंडीला आले होते. दोन रात्री झोप नव्हती, सगळं सोडून पुन्हा सरळ पाठ शिकवत सुटावं असं वाटत होतं.

खुलाशात मतदानाचे आकडे जोडले, आणि राहिलेले दोन पाठ कधी भरून काढणार त्याच्या तारखा दिल्या. टाचणवहीत ‘शिक्षक कृती’ आणि ‘विद्यार्थी कृती’ असे दोन रकाने असतात. विद्यार्थी कृतीत वर्षानुवर्षं आपण ‘लक्षपूर्वक ऐकतात’ लिहितो. तिथे आता ‘एकट्याने उत्तर ठरवतात (१ मिनिट), जोडीत चर्चा (३ मिनिटं), पुन्हा मत देतात’ असं वेळेसकट लिहायला लागले. गलका टाचणात आधीच लिहिलेला असला की तो गोंधळ ठरत नाही, कृती ठरतो. आणि मोठ्या बाईंना तास बघायला मीच बोलावलं, त्यांच्या हातात एक पान दिलं. त्यांनी उत्तर चुकवलं. त्या हसल्या, मी नाही हसले. पुढे खुलाशाबद्दल कुणी काही विचारलं नाही. शेजारच्या सरांशी चर्चेची वेळ ठरवून घेतली, त्यांचं श्रुतलेखन असेल त्या दिवशी आम्ही कुजबुजत बोलतो.

खरी चपराक नोव्हेंबरमध्ये बसली, तीही मुलांकडून. नेहमी पहिली येणारी मुलगी मधल्या सुट्टीत येऊन म्हणाली, “बाई, राग मानू नका, पण तुम्ही हल्ली शिकवतच नाही. आम्हीच एकमेकांना शिकवतो.” तिच्या आईचीही चिठ्ठी आली. मला वाटलं होतं मुलं खूश आहेत!

नंतर कळलं की हे नेहमीचंच आहे. २०१९ मध्ये हार्वर्डमध्येच याचा अभ्यास झाला होता: स्वतः डोकं चालवायला लावणाऱ्या तासांत विद्यार्थी जास्त शिकले, पण ‘आपण कमी शिकलो’ असं त्यांना वाटलं. गुळगुळीत व्याख्यान ऐकताना सगळं कळल्यासारखं वाटतं, आणि अडखळत विचार करताना आपण ढ आहोत असं वाटतं. हे मुलांना पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं, मी तीन महिने उशिरा सांगितलं. नुसतं सांगून भागलं नाही. त्या मुलीला तिचीच पानं दाखवली, आधीच्या आणि नंतरच्या मतांची नोंद मी वहीत ठेवते. तिने मान हलवली. पटलं की नाही, देव जाणे. पण नंतर चिठ्ठी आली नाही.

तिचं एक म्हणणं मात्र रास्त होतं: चर्चा झाल्यावर वहीत काहीच उरत नव्हतं. तेव्हापासून शेवटची पाच मिनिटं शांतपणे लिहिण्याची.

याच सुमारास तासाची सुरुवातही बदलली. पूर्वी मी ‘काल आपण काय शिकलो’ म्हणून स्वतःच उजळणी घ्यायचे. आता पुस्तक बंद, वहीचं मागचं पान, तीन प्रश्न: एक कालचा, एक मागच्या आठवड्यातला, एक महिन्यापूर्वीचा. पाच मिनिटं, गुण नाहीत, मुलं आपापलं तपासतात. रोडिगर आणि कारपिके या मानसशास्त्रज्ञांचा २००६ मधला प्रयोग याला आधार आहे. उतारा पुन्हा पुन्हा वाचणारे विद्यार्थी पाच मिनिटांनंतरच्या चाचणीत पुढे होते, पण आठवड्यानंतरच्या चाचणीत पुढे गेले ते न बघता आठवून लिहिणारे. सगळ्या उद्योगात हे सर्वांत स्वस्त आणि सर्वांत कमी त्रासाचं निघालं. एकच काम करायचं असेल तर इथून सुरुवात करा. गुण मात्र देऊ नका. मी एकदा दिले, आणि मागचं पान लगेच कॉपीचं पान झालं.

जानेवारीत गटकार्याचा एक प्रयोग सपशेल आपटला. प्रत्येकाने विषयाचा एक तुकडा शिकून गटाला शिकवायचा, ही १९७१ मध्ये मानसशास्त्रज्ञ एलियट ॲरॉन्सन यांनी सुरू केलेली पद्धत. त्या दिवशी सात जण गैरहजर, म्हणजे सात गटांत एकेक भोक. पुन्हा करीन, पण प्रत्येक तुकड्याला दोघं ठेवून.

राहिली एक सवय, जी सर्वांत साधी दिसते आणि मला सर्वांत जड गेली: प्रश्न विचारून गप्प बसणं. मेरी बड रो या संशोधिकेने १९७०च्या दशकात वर्गांचं ध्वनिमुद्रण करून मोजलं होतं, की शिक्षक उत्तरासाठी सरासरी एखादा सेकंदच थांबतात. तीन सेकंद किंवा जास्त थांबलं तर उत्तरं लांबतात, आणि एरवी न बोलणारी मुलं बोलू लागतात. तीन सेकंद म्हणजे काय मोठंसं? वर्गासमोर उभं राहून बघा. दुसऱ्या सेकंदाला घशाशी शब्द येतात. मी पाठीमागे हात बांधून एका हाताच्या बोटांवर चार मोजते. आधी उत्तर देणाऱ्याचं नावही पुकारत नाही, कारण नाव ऐकलं की बाकीचे ४५ जण सुटतात.

२० फेब्रुवारीला पुन्हा रेकॉर्डिंग केलं. १६ प्रश्न, ‘समजलं का’ ३ (जित्याची खोड). मुलांकडून आलेले प्रश्न ७, त्यातला एक ‘लिहून घ्यायचं का’ हा होताच. चाचण्यांची सरासरी थोडी वाढली आहे, ढोल पिटावा अशी नाही. दोन मुलं अजूनही शेजाऱ्याचं बघूनच पान फिरवतात. तिसरा, भिंतीकडच्या शेवटच्या बाकावरचा, सप्टेंबरपासून पान धरायचा पण चर्चेत कधी तोंड उघडायचा नाही. तो शाळेत येतो हेच पुष्कळ, असं त्याच्याबद्दल मला सांगण्यात आलं होतं.

रेकॉर्डिंग संपत आलंय, घंटा झालीय, बाकं सरकल्याचे आवाज येतायत, आणि त्यात त्याचा आवाज आहे: “बाई, ते झाडाचं. हवेतून आलं ते हवेत गेलं. मग राख कशाची असते?”

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं होतं, ते रेकॉर्डिंगमध्ये ऐकू येतं. मग चार सेकंद काही नाही. मग मी म्हणते, “सोमवारी तूच सांग.”

सोमवारी तो गैरहजर होता. मंगळवारी आला तेव्हा मी आठवण केली, तर म्हणाला, “कुठली राख?” उत्तर त्याच्या शेजाऱ्याने दिलं. त्या शेजाऱ्याने शनिवारी-रविवारी घरच्यांना विचारत बसून छळलं होतं म्हणे.